खापरबाईंचा रांजण

बाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की बैठकीत बसत नसत. पाणी घ्यायच्या निमित्ताने थेट स्वयंपाकघरात शिरत आणि हाताला येईल ते भांडं उचलून उलटंसुलटं करत. तव्याची पाठ, कढईचं बूड, पातेल्याचा काठ. चष्मा कपाळावर चढवून त्यावरून हळूच बोट फिरवत. पुण्याच्या कडेला सूसमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये आल्या तेव्हा त्यांनी चहाचं पातेलं उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "घरात माणसं दोन, पण चहा एकीचाच होतो गं." पातेल्याच्या आतल्या बाजूला चहाची रेघ एका कपाच्या उंचीवर पक्की बसली होती. नवऱ्याची आणि माझी कामाची पाळी तेव्हा उलटसुलट होती, आणि आम्ही एकाच घरात राहून एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत होतो. हे मी परभणीला आईलाही सांगितलं नव्हतं. बाईंना ते पातेल्याने सांगितलं. पुढे त्यांनी विषय वाढवला नाही. फक्त म्हणाल्या, "रविवारी माझ्याकडे येत जा. चहा दोघींचा करू."

मुळशीच्या रस्त्यावरच्या कासार आंबोलीत त्यांना सगळे खापरबाई म्हणत. पुण्यातल्या एका कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि या गावात छोटं घर बांधून कायमच्या राहिल्या. शेजारच्या बंगल्यांमध्ये शनिवार-रविवार माणसं येत, हिरवळीवर खुर्च्या टाकून बसत. बाईंच्या अंगणात जुन्या साड्या अंथरलेल्या असत आणि त्यांवर धुतलेली खापरं वाळत पडलेली. दुरून कुणाला वाटावं, कुरडया घातल्या आहेत. फुटक्या मातीच्या भांड्यांचे तुकडे एवढे जपणारी बाई गावाला आधी विचित्र वाटली होती. मग सवय झाली. मग कुणाच्या नांगराला काही लागलं की लोक आपणहून सांगायला येऊ लागले.

माझी त्यांची ओळख एका चोरीतून झाली. ऑफिसची सहल मुळशी धरणावर गेली होती. परत येताना गाडी थांबवून पाय मोकळे करायला आम्ही एका नांगरलेल्या शेतात उतरलो. तिथं मला तांबूस रंगाचा, काळ्या रेघा ओढलेला एक तुकडा दिसला. मी तो खिशात टाकला. शेताचा मालक बांधावर बसला होता. तो हसून म्हणाला, "असली लई हायेत हितं, ताई. आंबोलीच्या खापरबाईस्नी दावा, लहान पोरावानी नाचत्याल."

दुसऱ्या रविवारी मी ते खापर घेऊन बाईंच्या दारात उभी राहिले. त्या नाचल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठून उचललंत?"

"एका शेतातून."

"शेतात कुठून? बांधापासून किती पावलं? ढेकळांवर पडलेलं होतं की मातीत रुतलेलं?"

मला काहीच सांगता येईना. त्या म्हणाल्या, "म्हणजे वाक्यातला एक शब्द तुम्ही उपटून आणलात आणि आता मला त्याचा अर्थ विचारताय." मग पायात चपला सरकवून माझ्याच गाडीत बसल्या आणि मला परत त्या शेतावर घेऊन गेल्या. अंदाजाने जागा शोधून मी खापर खाली ठेवलं. तेव्हा कुठे त्या उकिडव्या बसल्या आणि त्या एका खापराच्या आजूबाजूला काय काय पडलंय ते मला दाखवू लागल्या. दगडाचं बारीक पातं. जळक्या मातीचं ढेकूळ. जनावराच्या हाडाचा तुकडा. तासाभरापूर्वी जे मला नुसतं शेत दिसत होतं तिथं आता कुणीतरी चूल मांडलेली दिसू लागली. मी बाईंची झाले ती त्या तासात.

त्या जागेला आसपासचे लोक पांढरीचं टेकाड म्हणत. माणसांची वस्ती जिथं फार वर्षं पडते तिथं राख, शेण, मोडकी घरं मिसळून माती पांढुरकी होते, म्हणून शेतकरी जुन्या वस्तीच्या जागेला पांढर म्हणतात. हे टेकाड सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं, असं बाईंचं मत. तरुणपणी रीतसर परवानगी काढून त्यांनी तिथं एक लहानसा खड्डा शास्त्रशुद्ध पद्धतीने खणला होता. त्यात आणि शेतात वर मिळालेल्या खापरांवरून एक शोधनिबंध लिहिला होता. इथं लोक बारमाही घरं करून राहत होते, धान्य साठवत होते, असं त्यात सिद्ध केलं होतं. डोंगराच्या इतक्या जवळ एवढी जुनी कायमची वस्ती असल्याचं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या निबंधावर बाईंचं नाव झालं. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवत नसत.

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांचे चढलेले चेहरे बघायचे, हीच माझी नोकरी. हे ऐकल्यावर बाई खूश झाल्या. "बरं झालं. मला चुका काढणारं माणूस हवंच होतं." मला कामाला लावताना त्यांनी पहिल्याच दिवशी नक्षीदार खापरांची पेटी बंद करून वर ठेवली आणि साध्या खापरांची पोती पुढे ओढली. पूर्वी लोक खणायचे तेव्हा चित्रं असलेले तुकडे ठेवायचे आणि साधे तिथंच टाकून यायचे, असं त्या सांगत. त्यांनी मात्र सगळं ठेवलं होतं. "माणूस रोज नक्षीत जेवत नाही," त्या म्हणत. "नक्षीवरून भांडं कुणाचं ते कळेल. पण घरात काय चाललं होतं ते विचारायचं असेल तर बुडाला विचार."

मग बुडं बोलायला लागली. एका खापराला बाहेरून काजळी आणि आतून करपल्याचा डाग, म्हणजे त्यात काहीतरी दाट शिजत होतं आणि करणारीचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. एकाच्या आत बारीक ओरखडे, म्हणजे कुणीतरी रोज तळ खरवडून काढत होतं. एकदा मला एक खापर सापडलं, त्याला काठाजवळ दोन गोल भोकं पाडलेली होती आणि भोकांच्या मधून जुना तडा गेला होता. बाई म्हणाल्या, "तडा गेल्यावर भोकं पाडून दोरीनं आवळलंय. टाकून का नाही दिलं? सांग."

"आवडतं भांडं असेल."

"असेलही. पण कुंभार हाकेच्या अंतरावर असता तर एवढा खटाटोप केला असता का?"

त्यांनी ते खापर माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटवली. अशा वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आपल्याच घरातल्या कुणा शहाण्या सुनेचं कौतुक करत असल्यासारखा.

एका पावसाळ्यात त्यांनी मला जाड खापरांचं पोतं दिलं. ही साठवणीच्या रांजणांची खापरं. त्यांच्या निबंधाचा सगळा भार या पोत्यावर होता. जाड खापरं पुष्कळ, म्हणून रांजण पुष्कळ. रांजण पुष्कळ, म्हणून साठवण मोठी. आणि वर्षभराचं धान्य साठवणारी माणसं एका जागी राहतात. माझं काम फक्त त्यांची चित्रं काढायचं होतं. पण मला जोडकाम करून बघायचा नाद लागला. एक तुकडा दुसऱ्याला चपखल बसला की होणारा तो बारीकसा टक आवाज मला फार आवडे. रविवारामागून रविवार मी वाळूच्या परातीत तुकडे उभे करत गेले आणि एक भिंत वाढत गेली. रांजणाच्या गळ्याभोवती मातीची पट्टी होती आणि ती ओली असताना कुंभाराने बोट दाबून दाबून नक्षी केली होती. मी त्या खळग्यांमध्ये माझं बोट घालून बघितलं. प्रत्येक खळग्यात नखाची एक बाजू जरा तुटकी उमटली होती. प्रत्येक तुकड्यावर तीच.

मी म्हणाले, "बाई, हे बोट एकच आहे. हे सगळे मिळून एकच रांजण आहे."

बाई चहा गाळत होत्या. त्यांचा हात थांबला. मग त्या आल्या, परातीत वाकून न बघताच म्हणाल्या, "तुला अजून खापर वाचता येत नाही. चित्रं काढायला सांगितली होती ना? तेवढीच काढ."

इतक्या तुटक त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. मी सामान आवरलं आणि निघाले. पुढचे दोन रविवार गेले नाही. घरी बसून मला त्यांचा रागही येत होता आणि वाईटही वाटत होतं, कारण आपलं बरोबर आहे याची मला खात्री होती. तिसऱ्या शनिवारी त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "तू गेल्यापासून मी ते तुकडे मोजतेय. दुसऱ्या रांजणाचा म्हणावा असा एकही जाड तुकडा नाही. तू ये." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि आलं घालून चहा करते, रागावू नकोस."

पण एक रांजण तरी होताच. मग तो कशाला? भटकी माणसं एवढं जड भांडं घेऊन कशी फिरतील? बाई या प्रश्नापाशी दिवाळीपर्यंत अडकून होत्या. दिवाळीनंतर त्या टेकाडाच्या शेतात दरवर्षीप्रमाणे मेंढ्या बसल्या. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातले मेंढपाळ कोकणाकडे जाताना वाटेत शेतांमधून मुक्काम करतात. मेंढ्यांचं खत शेताला मिळतं आणि त्यांना चार दिवस जागा. त्यांच्यातल्या ठकूमावशींशी बाईंची जुनी ओळख होती. आम्ही दोघी तिथं गेलो तेव्हा मावशी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होत्या. बाईंनी सवयीप्रमाणे त्यांची भांडी उलटी करून बघायला सुरुवात केली. सगळी लहान, हलकी, एकात एक बसणारी.

बाईंनी विचारलं, "मावशी, चटणी कशावर वाटता? पाटा दिसत नाही."

"हाय की. त्या मालकाच्या गोठ्याच्या वळचणीला ठिवलाय." मावशींनी पिठाचा हात तिकडे केला. "घोड्यावर कोन वाहील त्यो दगूड? जाताना हितंच ठिवायचा, पुढल्या साली आलं की हितंच घावतो. माझ्या सासूच्या वक्तापासनं तितंच हाय."

"आणि दरवर्षी इथंच येता?"

"मग? पानी हाय, वळकीचं मानूस हाय. वर्साला येतोया, पर ऱ्हात न्हाई. दोनी येगळं अस्तंय, बाई."

बाई तिथंच मातीत बसल्या. त्यांच्या खड्ड्यात रांजणाचं बूड जागच्या जागी मातीत पुरलेलं सापडलं होतं. कुणीतरी तो रांजण तिथं पुरून ठेवून जात होतं आणि पुन्हा येऊन वापरत होतं. बारीक, हलकी भांडी सोबत. कुंभार दूर म्हणून तडा गेलेलं दोरीनं आवळायचं. आणि एकच जड वस्तू, परत यायच्या भरवशावर मागे ठेवलेली. एवढी राख पडली होती ती बारा महिन्यांच्या चुलींची नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या परत येणाऱ्या माणसांची. बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. ज्या मतावर आपलं नाव झालं ते मोडून पडताना बघून इतकं आनंदून गेलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

परतताना गाडीत त्या एकदम म्हणाल्या, "‘बाई, हे बोट एकच आहे.’ हे तू म्हणायच्या आधी मला एकीने म्हटलं होतं." सुनंदा नावाची त्यांची विद्यार्थिनी होती. पीएच.डी.साठी तिने याच टेकाडावर काम केलं होतं आणि ही तात्पुरत्या मुक्कामाची जागा आहे असं एक प्रकरण लिहिलं होतं. बाईंनी तिला तेच सांगितलं होतं जे मला सांगितलं, की तुला खापर वाचता येत नाही. प्रकरण काढून टाकायला सांगितलं. सुनंदाने ते काढलं नाही, तिने पीएच.डी.च सोडली. पुढे ती शाळेत शिक्षिका झाली. "पौडला राहते," बाई म्हणाल्या. "माझ्या घरापासून एवढीशी. मी बाजाराला सुद्धा पौडला जायचं टाळते."

पुढच्या रविवारी मी त्यांना पौडला नेलं. दार सुनंदाताईंनीच उघडलं. साठीच्या आसपासच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांनी बाईंना ओळखलं आणि आत या म्हणायला त्यांना जरा वेळ लागला. त्या दिवशी बाई स्वयंपाकघरात शिरल्या नाहीत. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, रांजण एकच होता. तुझं बरोबर होतं. मला तेव्हाही शंका आली होती, पण निबंध छापून झाला होता. मी तुझं नुकसान केलं."

सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या, "शंका आली होती हे तुम्ही आज सांगितलंत. मला इतकी वर्षं वाटत होतं, मलाच दिसत नव्हतं. मुलांना शिकवण्यात माझं आयुष्य वाईट गेलं नाही, बाई. पण खापर म्हणून मी पुन्हा हातात धरलं नाही."

बाईंनी मान खाली घातली. समर्थनाचा एक शब्द काढला नाही. जरा वेळाने विचारलं, "ते प्रकरण आहे का गं अजून?"

ते होतं. लोखंडी कपाटात, टंकलिखित, कडा पिवळ्या पडलेलं. "मला वाचायला देशील?"

"इथंच बसून वाचा," सुनंदाताई म्हणाल्या. "घरी नेऊ देणार नाही."

बाई संध्याकाळपर्यंत तिथं बसून वाचत होत्या, परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या. मध्येच एखाद्या जागी थांबून "हे तू कसं ताडलंस?" असं विचारत. पहिल्यांदा सुनंदाताईंनी उभ्यानेच उत्तर दिलं. दुसऱ्यांदा त्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी माफ केलं असं मी म्हणणार नाही. मी ते विचारलंही नाही. पण पुढच्या रविवारी सकाळी कासार आंबोलीला मी पोचले तर अंगणात साडीपाशी त्या वाकून बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात खापर होतं.

नवा लेख बाईंनी मराठीत लिहिला. "जिच्याकडून शिकले तिला ऐकून कळला पाहिजे," हे त्यांचं कारण. त्यात सुनंदाताईंचं प्रकरण होतं, त्यांच्या नावासकट, आणि ठकूमावशींचा पाटा होता, मावशींच्या नावासकट. नियतकालिकाच्या संपादकांनी नम्रपणे कळवलं की मेंढपाळ बाईंचं नाव शास्त्रीय लेखात बरं दिसत नाही, नुसतं ‘स्थानिक माहितीनुसार’ लिहावं. बाईंनी मला उत्तर सांगितलं आणि मी ते टाइप केलं: "मला माहिती मिळाली नाही, मला शिकवलं गेलं. शिकवणाऱ्याचं नाव देतात. ते राहणार नसेल तर लेख परत पाठवावा." लेख परत आला नाही.

छापलेला अंक मात्र बाईंनी पाहिला नाही. श्रावणात त्यांना साधा ताप आला, तो उतरला, आणि चार दिवसांनी दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. खापरांचं सगळं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, कुठली पेटी कुठे द्यायची ते. मी आणि सुनंदाताईंनी मिळून ते पार पाडलं. माझ्या आयुष्यात त्या जेमतेम पाच वर्षं होत्या. या परमुलखात मला रविवार कुठे घालवायचा हा प्रश्न त्यांनी पडू दिला नाही. एखाद्या गोष्टीकडे ती कशी दिसते यापेक्षा ती कशी वापरली गेली या नजरेने बघायला त्यांनी शिकवलं. आणि चूक सापडली की माणसाने कसं वागावं, हे तर मी इतकी वर्षं चुका शोधून पोट भरत असूनही मला त्यांच्याकडूनच कळलं.

दिवाळीनंतर अंक घेऊन सुनंदाताई आणि मी टेकाडावर गेलो. मेंढ्या आल्या होत्या. ठकूमावशींनी आम्हाला घोंगडी टाकून दिली. सुनंदाताईंनी लेख वाचायला घेतला. आपलं नाव आलं तेव्हा मावशींनी पदर सारखा केला. वाचून झाल्यावर त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "बाई का न्हाई आल्या?"

कुठल्याही निरोपाने मावशींना गाठायची सोय नव्हती, आणि इथं येऊनही आम्हाला सांगायचा धीर झाला नव्हता. शेवटी मीच म्हणाले, "मावशी, बाई गेल्या. श्रावणात."

मावशींच्या हातातली काठी खाली आली. "आन तुमी आदुगर कागुद वाचताय व्हय?" त्या रागाने म्हणाल्या. मग काठी बाजूला ठेवून समोर बसल्या. नंतर त्यांनी डोळे पुसले. "त्यात त्या सोता चुकल्या म्हनत्यात, ते वाचा परत."

सुनंदाताईंनी पान उलटलं. त्यांचा आवाज शाळेत धडा वाचावा तसा स्पष्ट होता. "‘या जागेला मी कायमची वस्ती ठरवलं होतं. ते चूक होतं. माझ्या विद्यार्थिनीला ते तेव्हाच दिसलं होतं आणि मी तिला गप्प केलं. जे खापरांनी सांगितलं ते मी ऐकलं नाही, कारण मला दुसरंच ऐकायचं होतं.’"

ठकूमावशी म्हणाल्या, "शिकलेली मानसं असं लिवत्यात व्हय?"

"नाही," सुनंदाताई म्हणाल्या. "बाईंनी लिहिलं."